२४ मेगापिक्सेलची अट कुणासाठी?

गेल्या महिन्यात बेळगावच्या शहापुरातल्या चहाच्या टपरीवर एक पत्रक हातात पडलं. छायाचित्र स्पर्धा. विषय जत्रा आणि उत्सव. प्रवेश सर्वांना खुला. खाली बारीक अक्षरात नियम होते: फोटो किमान २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानेच काढलेला असावा, प्रवेशपत्रिकेत कॅमेऱ्याचं मॉडेल आणि मेगापिक्सेल लिहिणं बंधनकारक. दार वरच्या ओळीत उघडं आणि कुलूप खालच्या ओळीत! त्यावरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. आमच्या सीमाभागात वादाला कधी तोटा नव्हताच. पण या वादात निदान भाषेचा प्रश्न नाही. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे एकाच हिरिरीने भांडतायत आणि, माझ्या मते, एकाच हिरिरीने चुकतायत.

एक बाजू म्हणते, जमाना बदलला, कॅमेरे बदलले, आता जुन्या डबड्यांनी काढलेले फोटो स्पर्धेत कशाला? दुसरी बाजू छाती पुढे काढून सांगते, ‘फोटो कॅमेरा काढत नाही, नजर काढते.’ या वाक्यावर टाळ्या हमखास पडतात. मी वडगावात तीसेक वर्षं छोटा स्टुडिओ चालवला. पासपोर्ट फोटोपासून बारशापर्यंत सगळं केलं, त्यामुळे मी या दुसऱ्या बाजूला असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. मी नाही. अट चुकीची आहे, आणि तिला दिलं जाणारं उत्तरही चुकीचं आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, वापरलेला, स्वस्तात मिळणारा कॅमेरा आपल्याकडच्या बहुतेक फोटोंना पुरतो. पण ‘नजर असली की झालं’ म्हणून तो पुरत नाही. त्याला काय जमत नाही हे नेमकं मोजता येतं, आणि जे मोजता येतं त्याची तजवीज करता येते, म्हणून तो पुरतो. नजरेचं माप मला तरी कुणी काढून दाखवलेलं नाही.

मग आधी मापाचंच बोलू. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० बाय ४००० ठिपके. २००८ साली आलेल्या कॅनन १०००डी या साध्या, प्लास्टिकच्या डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा) फोटो १०.१ मेगापिक्सेलचा, म्हणजे ३८८८ बाय २५९२. आकडे शेजारी ठेवले की फरक जवळजवळ अडीच पटींचा दिसतो आणि दुकानदाराचं काम होतं. पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. एका बाजूने मोजलं तर फरक दीडपटीचाच आहे. शेत दुप्पट झालं म्हणून बांध दुप्पट होत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शहरातल्या स्पर्धा-समितीला मात्र सांगावं लागतं. स्पर्धेसाठी प्रिंट मागितलीय १२ बाय १८ इंचांची. ३८८८ ला १८ ने भागा, इंचाला २१६ ठिपके येतात. २४ मेगापिक्सेलवाल्याला ३३३ येतील. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० असावेत असा छपाईतला दंडक आहे, तो मला मान्य आहे. पण भिंतीवर टांगलेली प्रिंट माणूस दोन-तीन फुटांवरून बघतो, आणि धडधाकट डोळ्याला अडीच फुटांवरून इंचाला सव्वाशेच्या आसपासच ठिपके सुटे कळतात. त्यापुढचे सगळे आपल्या समाधानासाठी. त्या अंतरावरून दोन प्रिंटांतली २४ ची कुठली आणि १० ची कुठली हे एखाद्या परीक्षकाने दहापैकी दहा वेळा ओळखून दाखवलं, तर माझ्या स्टुडिओची जुनी पाटी मी त्याच्या घरी पोचती करीन.

या अटीची गंमत पुढे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कित्येक छायाचित्रकारांच्या गळ्यात निकॉनचा डी३ होता. तो १२.१ मेगापिक्सेलचा. तो आमच्या स्पर्धेत बसत नाही. २०२० साली आलेला सोनीचा ए७एस ३, जो अंधारातल्या कामासाठीच नावाजला गेला आणि ज्याची किंमत ऐकून आमच्या गल्लीत दोन मिनिटं शांतता पसरेल, तोही १२ मेगापिक्सेलचा. तोही बसत नाही. आणि ज्याच्या खोक्यावर १०८ मेगापिक्सेल असं ठळक छापलंय तो मोबाईल मात्र ऐटीत आत येतो. अट गुणवत्तेसाठी आहे असं म्हणणाऱ्यांनी ही रांग एकदा डोळ्यांसमोर आणावी.

समितीतल्या एकाशी मी बोललो. त्याचं म्हणणं ऐकल्यावर मात्र मी थोडा वरमलो. मागच्या खेपेला लोकांनी व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवले, ते वाटेत आक्रसून पोचले, आणि १२ बाय १८ ला छापल्यावर फुटले. छपाईचे पैसे वाया गेले, भांडणं झाली. तक्रार खरी आहे. पण रोग फाईल पाठवण्याच्या रीतीत होता आणि औषध कॅमेऱ्याला पाजलं. लांब बाजू किमान ३६०० ठिपक्यांची असलेली मूळ फाईल पेन ड्राइव्हवर आणून द्या, असं एक वाक्य लिहिलं असतं तरी काम भागलं असतं.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो म्हणजे रात्र. बेळगावची वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे मावळे, खाली लेझीम, मध्येच मशाल, बाजूला दुकानाचा पांढरा दिवा, आणि पुढच्या वळणावर मिट्ट काळोख. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता; १०००डीचा आयएसओ १६०० च्या पुढे जातच नाही, आणि १६०० वरही काळ्या भागात रंगीत खडी पसरल्यासारखी दिसते. नवा कॅमेरा १२८०० वर जाऊनही चेहरा चेहऱ्यासारखा ठेवतो. अंधारात फोकसही त्याला पटकन सापडतो. जुना बिचारा पुढे-मागे घुरघुरत बसतो, तोवर मावळा निघून गेलेला असतो. मी अशा रात्री शेकड्याने फोटो हलवलेत. हे सगळं कबूल आहे, आणि ‘नजर, नजर’ करणाऱ्यांनीही ते कबूल करावं. नजरेने शटरचा वेग वाढत नाही.

पण हे हललेले फोटो कुठल्या लेन्सने काढले होते? बॉडीबरोबर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबरोबर, फुकट आल्यासारखी वाटणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). कॅननचीच ५० मिमी एफ १.८ ही लेन्स, १९९० पासून निघालेली, मागचं कडंसुद्धा प्लास्टिकचं, हातात घेतली तर लहान मुलाचं खेळणं वाटावं अशी, जुन्या बाजारात बुटांच्या जोडीच्या किमतीत मिळते. ती एफ ५.६ च्या मानाने साडेनऊ पटींहून अधिक उजेड आत घेते. एक पायरी म्हणजे दुप्पट, असं धरलं तर तीन पायऱ्यांहून थोडं जास्तच. १६०० वरून १२८०० वर जाणं म्हणजे किती पायऱ्या? तीनच. ज्या तीन पायऱ्यांसाठी पोरं बॉडी बदलायला निघतात, त्या त्यांना लेन्सच्या तोंडातून मिळू शकतात. १/१५ सेकंदाला हललेला मावळा १/१२५ ला जागच्या जागी थांबतो. फोकसचं काय? किर्लोस्कर रोडवर एखाद्या दुकानासमोरचा उजेडाचा पट्टा हेरायचा, त्या पट्ट्यात उभ्या माणसावर फोकस करून ठेवायचा, लेन्सवरचं बटण ‘मॅन्युअल’कडे ढकलायचं आणि लेझीमवाला त्या पट्ट्यात पाय टाकेपर्यंत थांबायचं. सगळ्या रात्रीत वीस फोटो मिळतील. दोनशे मिळणार नाहीत. स्पर्धेला एकच द्यायचाय.

नव्या बॉडीवर हीच लेन्स लावली तर आणखी तीन पायऱ्या मिळतील, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, मिळतील. त्या पायऱ्यांचा हप्ता किती महिने भरायचा, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो छायाचित्रकलेचा नाही, घरखर्चाचा आहे.

वडगावातलाच एक तरुण लग्नाचे फोटो काढतो. त्याने मला अडवून सुनावलं, ‘काका, हातमागाचं काय झालं ते बघितलात की तुम्ही. यंत्रमाग आला, हातमाग गेला. तुमचा जुना कॅमेरा म्हणजे हातमाग.’ वडगाव-खासबागेत वाढलेल्या माणसाला यापेक्षा वर्मी लागणारा दाखला देता येत नाही. लहानपणी ज्या गल्ल्यांतून धोट्याची ठकठक ऐकू यायची तिथे यंत्रांचा एकसुरी खडखडाट कसा भरला, हे मी पाहिलंय. आणि त्याचं निम्मं मला पटलंही. लग्नाचं काम गजावर चालतं. हजार-दोन हजार फोटो, व्हिडिओ, संध्याकाळपर्यंत रील, आठवड्यात अल्बम. त्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा हवा. १०००डीत एकच कार्ड बसतं, आणि कार्ड गेलं तर लग्न पुन्हा लागत नाही. मला ते माहीत आहे, कारण खानापूरकडच्या एका लग्नात अक्षता पडायच्या सुमाराला माझ्या जुन्या बॉडीचं शटर अडकलं. मंगलाष्टकं चालू, आणि मी बॅगेत हात घालून दुसरी बॉडी शोधतोय, जी मी ‘कशाला ओझं’ म्हणून घरी ठेवली होती! शेवटी नवरीच्या मावसभावाचा कॅमेरा मागून घेतला. त्या दिवशीची मावशींची नजर मी विसरलेलो नाही. तेव्हा पोटासाठी लग्नं करणाऱ्याने जुन्या कॅमेऱ्यावर एकट्याने भिस्त ठेवू नये. नवा घ्यावा, नाहीतर मोसमात दिवसाच्या भाड्याने आणावा.

दाखल्याचं उरलेलं निम्मं मात्र लंगडं आहे. यंत्रमागाने हातमागाला हरवलं ते गजामागच्या दरात. जत्रेचा फोटो गजावर विकत नाहीत. ज्याचं काम दिवसाला एक चांगला फोटो हे आहे, त्याला दिवसाला दोन हजार काढणाऱ्या यंत्राशी बरोबरी करायची गरज काय? लग्नवाल्यांची गरज स्पर्धेच्या नियमात घुसवणं म्हणजे ट्रकचा परवाना असल्याशिवाय सायकलच्या शर्यतीत उतरू न देणं.

आता नजरवाल्यांकडे वळतो. त्यांचा आवडता दाखला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा. परदेशी कॅमेरा नव्हता, तरी त्यांनी चित्रपट काढला. म्हणजे साधनाचं काही नसतं, जिद्द आणि दृष्टी पाहिजे, असा त्याचा अर्थ लावतात. मला हा अर्थ उलटा वाटतो. बाबूराव आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव यांनी कॅमेरा स्वतः बनवायचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांच्या मदतीने तो पुरा केला आणि त्याच्यावर ‘सैरंध्री’ चित्रित करून १९२० साली पडद्यावर आणला. साधनाचं काही नसतं असं मानणारा माणूस कॅमेरा घडवण्यात उमेदीची वर्षं घालवील का? त्यांना साधन हवंच होतं. परक्याकडून, परक्याच्या किमतीला तेच यायला हवं, एवढं मात्र त्यांना मान्य नव्हतं. कुठला भाग किती अचूक लागतो आणि कुठे कमी अचूकतेवर भागतं, हे ओळखण्यात त्यांचं मोठेपण होतं. कोल्हापूर इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि तरी आपण त्या गोष्टीतून फक्त टाळ्यांचं वाक्य उचलून आणलं.

नजरेबद्दल आणखी एक. ती कुठून येते? माझी नजर गिऱ्हाइकांच्या पैशांवर तयार झाली. त्याआधी घरी आग्फाचा क्लिक थ्री होता. त्याच्यावर ऊन आणि ढग अशा खुणा, शटरला वेग एकच, आणि एका रोलवर फोटो बारा. गणपतीत तीन, मे महिन्यात चार, कुणी पाहुणे आले तर दोन. एक रोल वर्षभर पुरायचा. बारा फोटोंत कुणाची नजर तयार होणार? पुढे स्टुडिओत ३६ चा रोल ओढून-ताणून ३८ पर्यंत न्यायला लागलो तेव्हा कुठे चुकांची चैन परवडायला लागली. म्हणून ‘नजर महत्त्वाची’ म्हणणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या चुकांचे पैसे कुणीतरी आधीच भरून ठेवलेले असतात. आणि म्हणून मी जुना कॅमेरा म्हणतो तेव्हा फिल्मचा कॅमेरा म्हणत नाही. फिल्मचा ग्रेन, फिल्मचा रंग, सगळं खरं. पण आज रोल काही शे रुपयांना, धुवायला बाहेरगावी पाठवायचा, आणि चूक कळणार पंधरवड्याने. तो छंद आहे, आणि श्रीमंत छंद आहे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर सकाळी केलेली चूक सकाळीच कळते, आणि दुसऱ्या चुकीला पैसे पडत नाहीत. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याने नजर सगळ्यांच्या आवाक्यात आणली. तोच कॅमेरा नियमाने बाहेर काढायचा, आणि मग पोरांना नजर नाही म्हणायचं?

मर्यादा नेमकी कळली की तिच्यातून फोटोला आकार येतो. मला वाटतं या वादात कुणीच हे बोलत नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले होते. शिकागोला जायच्या आधीचं वर्ष. त्या मुक्कामात इथे काढलेला त्यांचा फोटो आजही छापला जातो. त्या काळातली काचेची प्लेट उजेडाला मंद होती, फ्लॅशची आजच्यासारखी सोय नव्हती. बसणाऱ्याला स्थिर बसावं लागे, आणि स्थिर बसायचं तर आपण कोण आहोत हे काही क्षण चेहऱ्यावर धरून ठेवावं लागे. त्या फोटोतला ठामपणा काही अंशी तरी त्या मंद प्लेटने मागून घेतलेला असणार, असं मला तो बघताना नेहमी वाटतं. ते काहीही असो; मंद साधन म्हणजे वाईट फोटो हे समीकरण त्याच्यापुढे टिकत नाही.

माझ्या अनुभवातलं उदाहरण किल्ल्यातल्या कमल बस्तीचं देतो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं ते जैन मंदिर, मंडपाच्या छतात दगडी कमळ. आत उजेड जेमतेम, दगड काळसर. नवा कॅमेरा घेऊन आलेला पर्यटक आयएसओ चढवतो, मान वर करून दोन फोटो ओढतो आणि निघतो. ट्रायपॉड लावायचा तर परवानगीची भानगड. मी काय केलं? रुमालाची घडी घातली, कमळाच्या बरोबर खाली फरशीवर ठेवली, तिच्यावर १०००डी पाठीवर उताणा झोपवला. आयएसओ १००, एफ ८, दहा सेकंदांचा टायमर. बटण दाबलं आणि बाजूला झालो. शटर दोन-तीन सेकंद उघडं राहिलं. आयएसओ १०० वर हा जुना कॅमेरा नव्याच्या तोडीला तोड देतो. त्याची खडी, त्याची घुरघुर, सगळं १६०० वरचं दुखणं आहे. पाकळीच्या कडेवरची छिन्नीची खूण प्रिंटमध्ये मोजता येते. तीन वेळा मधूनच माणसं आली, चौथ्यांदा जमलं. या सगळ्याला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी त्या छताकडे जितकं बघितलं तितकं आधीच्या चाळीस वर्षांत मिळूनही बघितलं नव्हतं.

जत्रेत तर स्वस्ताईच कामाला येते. आमच्याकडच्या खेड्यांत महालक्ष्मीची जत्रा काही वर्षांनी एकदा भरते, आणि भरते तेव्हा अख्खा गाव पिवळा होतो. भंडारा हवेत, अंगावर, कौलांवर, चहाच्या कपात. त्या पिवळ्या ढगात शिरल्याशिवाय जत्रेचा फोटो मिळत नाही. आणि ज्याच्या गळ्यात अजून पंधरा हप्ते बाकी असलेला कॅमेरा आहे तो शिरत नाही. तो कुणाच्या तरी गच्चीवर लांब लेन्स लावून उभा असतो. मी त्याला हसत नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्याचे फोटो बघा: सगळे वरून, सगळे लांबून, माणसं मुंग्यांसारखी. सहा हजारांच्या कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधायची, लेन्ससमोर साधा काचेचा फिल्टर, आत गेल्यावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, आणि घरी आल्यावर आधी मऊ ब्रशने झाडून मगच पुसायचं. एवढं पाळूनही झूमच्या नळीत भंडारा शिरतोच. माझ्या १८-५५ ची नळी फिरवली की अजून कुरकुरते. कुरकुरू दे.

जुन्याचं कौतुक करताना त्याची दुखणी लपवू नयेत. मिरजेचा तंबोरा जुना झाला की लोक आदराने बघतात, जवारी पुन्हा लावून घेतात, तो पुढच्या पिढीला जातो. कॅमेऱ्याचं तसं नाही. शटर झिजतं, बॅटरी फुगते, सुटे भाग यायचे बंद होतात. आणि आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात चार महिने पाऊस कोसळत असताना कपाटात ठेवलेली लेन्स गणपतीत बाहेर काढा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. म्हणून वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा, तोंडाची पाती तेलकट आहेत का बघा, आणि कितीही स्वस्त असली तरी बुरशीची लेन्स घरात आणू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. एवढं सांभाळायची तयारी नसेल तर सरळ मोबाईल वापरावा, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. दिवसाच्या उजेडात आजचा साधा मोबाईल फार चांगलं काम करतो. रात्रीही तो पाठोपाठ काढलेले अनेक फोटो एकावर एक जोडून अंधार बराच उपसतो. फक्त लेझीम हललेली असते, आणि कुठे किती हलू द्यायचं हे तो तुम्हाला विचारत नाही. जुन्या कॅमेऱ्याची चाकं फिरवून शिकलेल्याला निदान काय बिघडलं आणि का, हे कळतं.

तर मग ही अट कुणाला बाहेर ठेवते? खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी माझ्याकडे येते. तिच्या मामाने तिला वापरलेला १०००डी घेऊन दिला आणि ५० ची लेन्स तिने शिकवण्यांच्या पैशांतून घेतली. तिच्या गावची जत्रा गेल्या साली झाली. शहरातले सगळे फोटोवाले रथ निघायच्या वेळी पोचले. ती चार दिवस आधीपासून तिथेच होती, कारण ते तिचं घर आहे. पाहुण्यांसाठी रात्री अकराला चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या तिच्या आजीचा आणि दोन काकूंचा फोटो तिने काढलाय. एक बल्ब, चुलीचा जाळ, एफ १.८, आयएसओ १६००. सावलीत खडी आहे, आजीचा हात किंचित हललाय, आणि पीठ उडालेलं दिसतंय. या फोटोसाठी लागणारी सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे त्या स्वयंपाकघरात रात्री अकराला कुणालाही न खटकता उभं राहता येणं. ती कुठल्या दुकानात मिळते? ६० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन मी तिथे गेलो असतो तर काकूंनी आधी पदर सारखा केला असता, मग मला चहा विचारला असता, आणि फोटो तिथेच संपला असता.

समितीला मी एका पानाचं पत्र दिलंय. प्रिंट मागा, मूळ फाईल मागा, कॅमेऱ्याचं नाव प्रिंटच्या मागच्या बाजूला पाकिटात बंद करून घ्या आणि निकाल लागल्यावरच उघडा, एवढंच त्यात लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. मुदत मात्र शनिवारी संपते. काल ती मुलगी प्रवेशपत्रिका घेऊन माझ्याकडे आली, सगळे रकाने भरलेले, एकच कोरा.

‘काका, मेगापिक्सेलच्या इथं काय लिहू?’

‘दहा पूर्णांक एक,’ मी म्हटलं. ‘पूर्णांक एक खाऊ नकोस. आपल्याला तोही सोडून चालायचं नाही.’